शिवेपर्यंतचे घोडे

गोव्यात घोड्यांच्या शर्यतीचं मैदान नाही. पुण्यात १८३० पासून लष्कराच्या जमिनीवर घोडे धावताहेत, मुंबईत महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं आहे. इंग्रजांची छावणी जिथे पडली तिथे क्लब आला, गिरजाघर आलं आणि मागोमाग घोड्यांची धावही आली. मांडवीच्या खोऱ्यात इंग्रजांचं राज्य नव्हतं. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहिले, पण शर्यतीचा षौक काही इथल्या मातीत रुजला नाही.

मी राहतो पुण्यात, रेसकोर्सला लागून असलेल्या एम्प्रेस गार्डनच्या बाजूला. पावसाळ्यात हंगाम सुरू झाला की सकाळी सराव चालतो, आणि ओल्या गवतावरून टापांचा आवाज कुंपणापलीकडे ऐकू येतो. पैसे लावण्यात मला कधी रस वाटला नाही. मला बघायला आवडतो तो शर्यत संपल्यानंतरचा घोडा. खांब मागे पडलेला असतो, निकाल लागलेला असतो, जॉकी रिकिबीत उभा राहून लगाम आवळत असतो, आणि घोडा मात्र त्याच वेगात पुढे चाललेला असतो. जिंकण्याची रेघ माणसांनी आखली आहे, त्याला तिची खबर नसते. त्या चार क्षणांत तो कुणासाठीच धावत नसतो. घोडा पाहावा तर तेव्हा.

असा घोडा मी पुन्हा पाहिला तो डिचोली तालुक्यात, शिगम्याला. त्याला चार पाय नव्हते.

माझं आजोळ पेडण्याचं, भगवतीच्या देवळापासून जवळच. देवळाच्या प्रवेशापाशी काळ्या दगडातले दोन हत्ती उभे आहेत, खऱ्या हत्तीच्या उंचीचे. लहानपणी आम्ही त्यांच्या सोंडेखालून वाकून जायचो. त्या हत्तींइतकीच मनात राहिली ती पेडण्याबाहेरची उघडी सपाटी, म्हणजे सडा. तांबड्या जांभ्या दगडाचं हे पठार पावसात पोपटी गवतानं भरतं, सोनकी फुलते, आणि फाल्गुनापर्यंत उन्हानं भाजून काळपट होतं. नजर पोचेल तिथवर झाड नाही. शर्यतीचे घोडे सोडावेत तर इथेच, असं मला तेव्हा वाटायचं. मोपाच्या सड्यावर आता खरोखरच धावपट्टी आहे. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. गुरं जिथे चरायची तिथे आता चाकं धावतात. मामांना ही गोष्ट अजून नीट सहन होत नाही. ते मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर पायी फिरलेले. त्यांच्या मनातला पेडणे तालुका पायवाटांचा आहे.

पण घोडा या भूमीला परका कधीच नव्हता. एके काळी तर गोवा म्हणजे घोडा, असंच समीकरण दख्खनभर होतं. कदंबांच्या गोपकपट्टणापासून हे बंदर अरबस्तानाशी बोलत आलं. पुढे बहमनी सुलतान आणि विजयनगर यांच्यात गोव्यासाठी जी ओढाताण झाली तिच्या मुळाशी मसाल्याइतकाच, कदाचित जास्तच, घोडा होता. होर्मुझहून आणि एडनहून गलबतांत घोडे चढायचे आणि इथे उतरायचे. ज्याच्या हातात बंदर त्याच्या हातात घोडदळ. महमूद गवाननं १४७२ मध्ये गोवा घेतला तो बहमनींसाठी. अल्बुकर्कनं १५१० मध्ये आदिलशाहीकडून हिसकावला, आणि लगेच त्यानं घोड्याच्या व्यापाराला हात घातला. घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत असा त्याचा आग्रह होता, कारण विजयनगर आणि विजापूर, दोघांनाही ते हवे होते आणि दोघांनीही त्याच्या दारात यायला हवं होतं.

फर्नांव नुनिश हा पोर्तुगीज घोड्यांच्या व्यापारातलाच माणूस. तो विजयनगरात राहिला आणि त्यानं त्या राज्याचा वृत्तान्त लिहून ठेवला. साळुव नरसिंहाबद्दल तो सांगतो की राजा घोडे जिवंत असोत की मेलेले, हजार परदावांना तीन या भावानं विकत घ्यायचा. जे वाटेत समुद्रात मरत त्यांची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मिळत. हा तपशील वाचल्यापासून माझा पिच्छा सोडत नाही. आठवडेच्या आठवडे गलबताच्या पोटात बांधलेलं, उभ्या उभ्या डोलणारं, खाऱ्या वाऱ्यात तहानलेलं ते जनावर. ते मरतं, खलाशी शेपटी कापून ठेवतात आणि उरलेला देह समुद्रात लोटतात. किनाऱ्यावर मोजणी होते तेव्हा जिवंत घोड्यांच्या रांगेशेजारी शेपट्यांचा ढीग. दख्खनच्या लढायांचे इतिहास आपण किती वाचतो, आणि हा ढीग त्यांत कुठेच दिसत नाही.

जे घोडे पोचले तेही इथे थांबले नाहीत. घाट चढून निघून गेले. कोकणपट्टीची हवा घोड्याला मानवत नाही. चार महिने पाऊस, खूर सदा ओले, भाताच्या पेंढ्यावर त्याचं पोषण होत नाही, आणि जांभ्यावरच्या गवताचा जोर आश्विनातच ओसरतो. इथला शेतकरी पाडा पोसतो, रेडा पोसतो, घोडा कशाला पोसेल? म्हणून गोवा घोड्यांचं बंदर झालं, पण घोड्यांचा मुलूख झालं नाही. घोडा इथून जाताना दिसला तेवढाच.

जाताना दिसला, आणि मनात राहिला. डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंबांचं हे दैवत. त्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभं करवलं. १६८३ मध्ये संभाजीराजे पोर्तुगिजांवर चालून आले तेव्हाची एक हकिगत बखरीत आहे. खाडीत भरतीचं पाणी चढलं, महाराजांचा घोडा पोहणीला लागला, आणि खंडो बल्लाळांनी पाण्यात उडी घालून त्याला आवरलं. याच तालुक्याच्या आसऱ्याला औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर येऊन राहिला होता. डिचोलीचा नमाजगाह त्या दिवसांची आठवण सांगतो. मराठ्यांचे, मोगलांचे, सावंतांचे घोडे या लाल वाटांवरून गेले. पोर्तुगिजांकडे डिचोली गेली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, त्याआधी पेडणे सावंतवाडीकरांचं. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं आधी पोर्तुगिजांकडे गेलेल्या बार्देश-सासष्टीहून हा भाग वेगळा वाटतो तो याच अंतरामुळे. इथे देवळं जागच्या जागी राहिली, त्यांच्यासमोरचे खेळाचे मांड राहिले, आणि मांडावर घोडा राहिला.

होळी पौर्णिमेपासून पेडणे, डिचोली आणि सत्तरीत शिगमो सुरू होतो. मामा म्हणाले, "रेसकोर्सच्या शेजारी राहतोस ना? चल, तुला आमचे घोडे दाखवतो." आम्ही इब्रामपूरवरून दोडामार्गाला निघालो. तिथे रस्ता काही काळ महाराष्ट्रात शिरतो आणि पुन्हा गोव्यात येतो. लाटंबार्सेकडे वळलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काजूचा हंगाम भरात होता. डोंगरउतारावर पिकल्या बोंडांचा तो आंबूस-गोड वास, जो एकदा नाकात बसला की कपड्यांनाही चिकटतो. कुठे भट्टीचा धूर दिसत होता, म्हणजे हुर्राक उतरत होता. पांगाऱ्याला पान नव्हतं, नुसती लाल फुलं. डिचोलीच्या जवळ आल्यावर मात्र डोंगरांचे आकार बदलले. खाणींनी पायऱ्या पायऱ्या कापलेले ते डोंगर, आणि बाजूला टाकलेल्या मातीचे तेवढेच मोठे ढिगारे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या खंडात ढिगाऱ्यांवर झाडं उगवली. मामा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे डोंगर माझ्या नकाशात नव्हते."

साखळीच्या अलीकडच्या एका गावात आम्ही थांबलो. देवळासमोरच्या मांडावर माणसं जमली होती. ढोल तापवून ठेवलेला, ताशाचं कातडं उन्हाला धरलेलं, कासाळ्यांची जड पितळी जोडी चौथऱ्यावर. आणि देवळाच्या भिंतीला टेकवून घोडे ठेवले होते.

घोडा म्हणजे लाकडात कोरलेलं, रंगवलेलं मुख आणि मान. त्यामागे कामट्यांचा सांगाडा, वरून कापडाची झूल. कान उभे, नाकपुड्या फुललेल्या, डोळे पांढऱ्याशुभ्र रंगात गोल काढलेले. मानेवर अबोलीच्या आणि झेंडूच्या माळा. सांगाड्याच्या मध्यभागी मोकळी जागा, ती माणसासाठी. तरुण मुलं पांढरं धोतर आणि अंगरखा घालून, फेटे बांधून उभी होती. एकेकानं आत पाय घातला, दुसऱ्यानं कापडी पट्टे खांद्यावरून आवळून बांधले. पायांत घुंगरं. डाव्या हातात लगाम, उजव्या हातात नागडी तलवार. आता कमरेच्या वर स्वार होता, पुढे घोडा होता, आणि झुलीखाली माणसाचे दोन अनवाणी पाय.

मला एकदम नुनिशच्या त्या शेपट्या आठवल्या. राजाच्या दारात मेलेल्या घोड्याची शेपटी पोचत होती. या गावात घोड्याचं मुख तेवढं पोचलं, बाकीचा देह माणसानं द्यायचा.

बांधणाऱ्यांत एक वृद्ध गृहस्थ होते, तरुणपणी त्यांनीही वर्षानुवर्षं घोडा घेतला होता. मी त्यांना विचारलं, ओझं किती होतं? ते कोकणीतच म्हणाले, "घोडो आमकां व्हरना, आमीच घोड्याक व्हरतात." मग खांद्यावरची एक जुनी, गुळगुळीत झालेली खूण त्यांनी दाखवली. त्यात कौतुक करून घ्यायचा भाव नव्हता, विचारलं म्हणून दाखवली.

गावकरानं गाऱ्हाणं घातलं. देवाला, राखणदाराला, शिवेवरच्या देवतांना, गावाबाहेर पोटासाठी गेलेल्यांना, सगळ्यांना त्यात जागा होती. मग ढोलावर पहिली थाप पडली.

घोड्यांच्या या नाचाला घोडेमोडणी म्हणतात. तिला गाणं नाही. शिगम्यातल्या बाकी खेळांत शब्द असतात, रोमटामेळात तर गर्जनाच असते. इथे फक्त ढोल, ताशा, कासाळं आणि घुंगरं. पहिल्यांदा घोडे जागीच थरथरतात. मग दोन पावलं पुढे, दोन मागे. तलवार वर फिरते, मान झुकते, पुन्हा उसळते. ताशाची लय वाढली की घोडे एकमेकांवर चालून जातात आणि अगदी भिडायच्या वेळी मागे सरकतात. मी किती तरी वेळ समजत होतो की आता कुणी तरी पुढे निघणार. रेसकोर्सशेजारी राहून माझ्या डोळ्यांना ती सवय लागली आहे. पण इथे कुणी कुणाच्या पुढे जात नाही. जो पुढे सरकतो तो तेवढंच मागे येतो. वेग आहे, दम लागतो आहे, फेट्याखालून घामाच्या धारा वाहताहेत, आणि मागे कुणी पडत नाही.

सांगतात की ही सत्तरीच्या राणे घराण्याच्या विजयाची आठवण आहे, पोर्तुगिजांवर मिळवलेल्या विजयाची. राणे मूळचे राजस्थानातून आले असंही परंपरा सांगते, आणि फेट्यांची, अंगरख्यांची धाटणी पाहिली की त्या परंपरेला बळ येतं. दीपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसच्या किल्ल्यावर उठाव केला आणि पुढची काही वर्षं पोर्तुगिजांना चैन पडू दिली नाही. १८९५ मध्ये मोझांबिकला जायला नकार देऊन मराठा शिपाई याच नाणूसला आले आणि दादा राणे त्यांच्यात मिळाले. हे लढे रानातले. सत्तरीच्या त्या गच्च झाडीत, म्हादईच्या दरडींवर, वेलींच्या जाळ्यात घोडा फारसा चालला नसेल. लढले ते पायांनी, आणि मला वाटतं म्हणूनच नाचतानाही पाय माणसाचे आहेत. पायदळानं आपल्या विजयाला घोडा बहाल केला. इतिहासकार हे मान्य करतील की नाही ते त्यांच्यावर सोडतो, मी ते पाय जवळून पाहिले आहेत.

मांडावरचा खेळ झाल्यावर घोडे निघाले. मला वाटलं होतं तेवढ्यावर संपेल. पण घोडेमोडणीचा खरा पल्ला देवळापासून गावाच्या शिवेपर्यंतचा, आणि तिथून परत. अख्खं गाव मागून निघालं. अंगणाअंगणात बायका आरती घेऊन उभ्या. पोरं ढोलाच्या पुढे उलट्या पावली चालत होती, घोड्यांकडे तोंड करून. वाट आधी वाड्यातून गेली, मग कुळागराच्या बांधावरून. पोफळींच्या सावलीत ढोलाचा आवाज एकदम दबला आणि पाटाच्या पाण्याचा आवाज वर आला. पुढे शेतं. भात केव्हाच कापलेलं, काही तुकड्यांत मिरची, चवळी. घोडे बांधावर एका ओळीत आले तेव्हा झुलींची टोकं दोन्ही बाजूंच्या पिकाला घासत होती. इतकं देखणं शर्यतीचं मैदान मी दुसरं पाहिलेलं नाही. एका बाजूला काजूचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उतरत जाणारी शेतं, खाली नदीची झाडोऱ्यातून दिसणारी रेघ, आणि मधून हे पांढरे, फुलं लेवून चाललेले घोडे.

माऊलींच्या पालखीतलं रिंगण ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीला येतात आणि पंढरीच्या वाटेवर मोकळ्या रानात गोल रिंगणात धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण त्यावर माऊली आहेत. लाखो माणसं कडेनं उभी असतात. धाव संपली की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. कोण पहिला आला हा प्रश्न तिथे कुणाच्या तोंडी येत नाही. राण्यांनी साखळीला वाळवंटीच्या काठी विठ्ठल आणला, चैत्री पौर्णिमेला तिथे जत्रा भरते, तेव्हा पंढरीची वाट या मुलखाला अनोळखी नाही. आपल्याकडे घोडा धावतो तेव्हा तो कधी देवाची वाट मोकळी करत असतो, कधी गावाची शीव राखत असतो. पुण्याच्या मैदानावरची धाव मला आवडते, पुढेही बघत राहीन. पण खांबापलीकडच्या ज्या चार क्षणांसाठी मी कुंपणाशी उभा राहतो, ती आख्खी धाव या गावातून वर्षाला एकदा जाते.

शीव जवळ आली तेव्हा एक अडचण समोर आली. वाटेवर नवं कुंपण होतं. चिऱ्याची भिंत, लोखंडी फाटक, आत बंगल्यांसाठी आखलेले प्लॉट. जमीन दोनेक वर्षांपूर्वी विकली गेली होती. घेणारा बाहेरचा, कुठला ते गावातही कुणाला नीट सांगता येईना. फाटकाला कुलूप होतं. ढोल थांबला नाही. घोडे फाटकासमोर जागच्या जागी नाचत राहिले, दोन पावलं पुढे, दोन मागे. दोघे जण राखणदाराला शोधायला धावले. तो बिहारचा मुलगा निघाला, कोवळ्या मिशा फुटलेला. त्यानं घोडे पाहिले, तलवारी पाहिल्या, मालकाला फोन लावला. फोन लागला नाही. मग त्यानं स्वतःच कुलूप काढलं, चपला बाजूला सोडल्या आणि फाटक धरून उभा राहिला. घोडे आतून गेले. पलीकडच्या टोकाला, भिंतीबाहेर एका काजूच्या बुंध्याशी शिवेचा दगड होता, शेंदूर लावलेला. तिथे घोडे झुकले, नारळ फुटला, सगळ्यांनी हात जोडले. परतताना गावकरानं प्रसादाचा तुकडा पहिल्यांदा त्या मुलाच्या हातावर ठेवला.

परतीच्या वाटेवर मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाले, "सर्व्हे नकाशावर नाला दाखवतात, पायवाट दाखवतात, विहीर दाखवतात. घोड्यांची वाट कुणी दाखवली आहे?" गोव्यात जमिनीवरून किती रणं माजली आहेत हे इथल्या कुणाला सांगायला नको. प्रादेशिक आराखड्यावरून माणसं रस्त्यावर उतरली, ग्रामसभा रात्री उशिरापर्यंत चालल्या. त्या भांडणांत शेत, डोंगर, खाजन, खारफुटी यांची नावं आली आणि यायलाच हवी होती. घोडेमोडणीची वाट मात्र कुठल्याच वर्गात बसत नाही. ती शेती नाही, रस्ता नाही, देवळाची मालमत्ताही नाही. ती कुणाच्या अंगणातून जाते, कुणाच्या बागायतीतून जाते, आणि आजवर ती अडली नाही, कारण ती ज्याच्या जमिनीतून जायची तोही मागून चालत असायचा.

यंदा कुलूप निघालं ते एका परमुलखातल्या पोराच्या भल्या मनामुळे. दर वर्षी तोच मुलगा तिथे असेल असं नाही. शिगम्याला घोडा घेणारी मुलं वेर्ण्याच्या कारखान्यांतून, बोटींवरून, आखातातून रजा काढून येतात. त्यांची येण्याची तयारी आहे, घोडे देवळात नीट राखलेले आहेत, सुतार अजून गावात आहे. प्रश्न उरतो तो वाटेचा. मामांनी घरी पोचल्यावर शाळेतली जुनी वही काढली आणि आठवेल तसा त्या गावाचा नकाशा रेखाटला. देऊळ, मांड, वाडा, कुळागर, पाट, शेतं, काजूचा बुंधा, शिवेचा दगड. मधून एक तांबडी रेघ. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गावातल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला आणि विचारलं, पुढची ग्रामसभा कधी आहे, आणि नकाशाच्या किती प्रती लागतील.